दुपटेवाल्या मावशी

रडणारं बाळ बघून हसणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. एरवी बाळानं टाहो फोडला की भलीभली माणसं बिथरतात. कुणी खुळखुळा वाजवतं, कुणी टाळ्या पिटतं, एरवी गंभीर असणारे आजोबा तोंडानं कोंबड्याचे आवाज काढतात. मावशी मात्र दारातच थांबायच्या आणि छान हसायच्या. "बोलतंय ते. पहिले सुनून तर घ्या," असं म्हणून त्या खरोखरच कान देऊन ऐकायच्या. मग निकाल यायचा, "भुकेचं नाही हे. काहीतरी टोचतंय त्याला." आणि नव्याकोऱ्या झबल्याच्या आत, अगदी मानेपाशी, दुकानाचं कडक लेबल सापडायचं.

हिंदी-मराठीची खिचडी बोलणाऱ्या आमच्या मल्हारगंजात त्यांना सगळे दुपटेवाल्या मावशी म्हणत. खरं नाव होतं, पण ते रेशन कार्डावरच राहिलं. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साड्यांची दुपटी त्या स्वतः शिवायच्या, आणि जातील तिथे त्या दुपट्यांची एक फुगलेली पिशवी बरोबर असायची. चाळीसेक वर्षं त्यांनी बाळंतिणींची मालिश केली, बाळांना न्हाऊ घातलं. वडील महूच्या पलटणीत होते, त्याचा परिणाम बोलण्यावर झालेला. "माझा बाप शंभर जवानांना लाइनीत उभं करायचा. मी एका मामाजींना खोलीच्या बाहेर नाही काढू शकत?" असं विचारायच्या, आणि उत्तर यायच्या आत मामाजी बाहेर असायचे. त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील, पण मी अजूनही एखाद्या घरी कामाला गेले की आधी लेबल शोधते.

माझं काम म्हणजे नवजात बाळांचे फोटो काढणं. हे सांगितल्यावर लोक आधी हसतात आणि मग, "ते ठीक आहे, पण काम काय करता?" असं विचारतात. मल्हारगंजातल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक खोली आहे, तिथं मी हा उद्योग सुरू केला. शिकले होते परदेशी व्हिडिओ बघून. त्या व्हिडिओंतली बाळं टोपलीत ठेवली की लगेच हनुवटीखाली हात घेऊन निजत, त्यामुळे माझी अशी समजूत झाली होती की बाळं टोपली बघितली की झोपतातच.

पहिलंच बाळ आलं ते गल्लीतल्या मसाल्याच्या व्यापाऱ्यांचा बारा दिवसांचा नातू. डिसेंबरचा महिना. मी टोपलीत पांढरी लोकर अंथरली, बाळाला उघडं करून तिच्यात ठेवलं, आणि पुढचा दीड तास ते बाळ असं रडलं की खालच्या मजल्यावरचे बुक-बाइंडिंगवाले भिया (आमच्याकडे भैयाला भियाच म्हणतात) वर येऊन बघून गेले. बाळाची आजी म्हणाली, "हमारी मौसीजी नीचे बैठी हैं, बुला लूँ?" मी मान डोलावली. मला त्या क्षणी कुणीही चाललं असतं.

मावशी आल्या. नेहमीप्रमाणे दारात थांबून हसल्या. मग माझ्याकडे आपादमस्तक बघून म्हणाल्या, "ताई, एक बात सांगा. तुम्ही स्वेटर घातलंय, वरून शाल घेतलीय. अन् याला उघडं ठेवून म्हणता, सो जा?"

माझे कान गरम झाले. खोलीतली तेवढीच एक गोष्ट गरम होती.

त्यांनी खिडकी लावली, हीटर चालू करायला लावला आणि मग "इतका जवळ नको, भाजायचंय का?" म्हणून लांब सरकवला. पिशवीतून एक दुपटं काढून ते पदराखाली पोटाशी धरून ठेवलं. ते त्यांच्या अंगाइतकं उबदार झाल्यावर बाळाला त्यात असं गुंडाळलं की फक्त एवढंसं तोंड बाहेर राहिलं. थोड्या वेळात बाळ गप्प झालं, मग निजलं. मी कॅमेरा उचलला तर माझं मनगट धरून म्हणाल्या, "जल्दी नको. झोप पहिले कच्ची असते. पिकू द्या." आम्ही दोघी जमिनीवर बसून झोप पिकायची वाट बघत बसलो. ती कधी पिकली हे मला कळलं नाही, त्यांना कळलं. बाळाची मूठ आपोआप सुटली, तेव्हा त्या म्हणाल्या, "हां, आता काढा तुमचा फोटो."

त्या दिवसापासून मी मावशींना बरोबर घेऊ लागले. ठरलं असं होतं की बाळ त्यांचं आणि फोटो माझा, आणि दोघींनी एकमेकींच्या कामात बोलायचं नाही. मी माझ्या बाजूनं हे पाळलं.

फोटोची तयारी म्हणजे मला दिवे, पडदे आणि टोप्या वाटायच्या. मावशींची तयारी वेगळीच होती. आईला तीन प्रश्न विचारल्याशिवाय त्या बाळाला हात लावत नसत. "पोट भरलं? ढेकर काढली? शी झाली?" तिन्हींचं उत्तर 'हो' आलं तर पुढे. मग हातातल्या बांगड्या काढून खिडकीत ठेवायच्या, गरम पाण्यानं हात धुवायचे, पुसायचे आणि आधी स्वतःच्या गालाला लावून बघायचे. "माझ्या गालाला चालले, तर त्याला चालतात." हे सगळं सुरू असताना जमलेल्या नातेवाइकांना उद्देशून हुकूम सुटायचा, "सगळ्यांनी जाऊन पोहे-जलेबी खाऊन या. आरामात खा, पळत येऊ नका." मग त्या खाली जायच्या आणि बाइंडिंगवाल्या भियांना सांगायच्या, "भिया, आधा घंटा मशीन बंद. लड्डू भिजवा दूँगी." लाडू खरंच पोचायचा. भिया पुढे पुढे आमच्या दारात गाडी थांबलेली दिसली की आपणहून मशीन बंद करू लागले.

आणि बाळंतीण. तिच्याकडे माझं कधी लक्षच नसायचं. एकदा एक मुलगी सकाळपासून नटूनथटून, केस कुरळे करून आली होती. बाळ रडायला लागलं तशी तीही रडायला लागली. घरचे म्हणाले, मेकअप जाईल. मावशींनी बाळ आजीकडे दिलं, त्या मुलीला भिंतीला टेकवून बसवलं, पिशवीतून डिंकाचा लाडू काढून तिच्या हातात ठेवला आणि घरच्यांना म्हणाल्या, "बाळाचा फोटो आहे, हिची परीक्षा नाही." ती मुलगी लाडू खात होती तेव्हा काढलेला तिचा एक फोटो माझ्या चांगल्या फोटोंपैकी आहे. तोंड भरलेलं, काजळ फिसकटलेलं.

काजळावरून मात्र आमचं भांडण व्हायचं. गालावर तीट लावल्याशिवाय मावशी बाळ सोडत नसत, आणि ती तीट पुसत बसायला मला संगणकावर निम्मी दुपार लागायची. मी वैतागून एकदा म्हटलं, "मावशी, कॅमेऱ्याची नजर नाही लागत." त्या म्हणाल्या, "कॅमेऱ्याची नाही गं. नंतर जे फोटो बघतील त्यांची." शेवटी तह झाला. तीट तळपायावर लावायची आणि मी तळपायाचा फोटो काढायचा नाही.

दुसरी एक गोष्ट मी त्यांच्यापासून बरेच दिवस लपवून ठेवली होती. हनुवटीखाली दोन्ही हात घेऊन बसलेल्या बाळाचा जो फोटो लोकांना हवा असतो, तो खरं म्हणजे दोन फोटोंचा असतो. एवढ्या बाळानं मान कुठून धरायची? म्हणून एका फोटोत मागून डोकं धरायचं, दुसऱ्यात मनगटं धरायची, दोन्ही जोडायचे आणि धरणारे हात पुसून टाकायचे. मी शेकडो वेळा मावशींचे हात पुसले. एक दिवस त्या संगणकापाशी माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि स्वतःचा अंगठा नाहीसा होताना त्यांनी पाहिला. मी ओशाळले. म्हटलं, "तुम्हाला हवं असेल तर एखाद्या फोटोत ठेवते." त्या मनापासून हसल्या. "पागल आहेस का? ही नखं बघ, हळदीनं पिवळी. लोक बैठकीत लावणार तो फोटो." मग म्हणाल्या, "ज्याचं बाळ त्याचा फोटो. आपलं काम फक्त पडू न देण्याचं."

त्यांना माझा खरा राग आला तो एकदाच. एका घरी आम्ही सातव्या दिवशी गेलो होतो. तिसरा मजला, लिफ्ट नाही, मी सगळं सामान वर चढवलं, दिवे लावले. बारशाच्या पत्रिकेवर फोटो छापायचा होता म्हणून घरचे घाईत. मावशींनी बाळ खिडकीपाशी नेलं, नाकावर हलकेच बोट दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "आज फोटो नाही. पीलिया वाटतोय, डॉक्टरला दाखवा." घरच्यांची तोंडं उतरली. मी हळूच म्हटलं, "मावशी, दहा मिनिटांत दोन काढून घेते, मग जाऊ देत." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दिवे विझवले. जिना उतरताना म्हणाल्या, "फोटो परत निघेल. तू फोटोवाली आहेस, म्हणून तुला बाळाच्या जागी पण फोटोच दिसतो." कावीळच निघाली; डॉक्टरांनी ते बाळ दोन दिवस दिव्याखाली ठेवून घेतलं. मला लाज वाटली आणि ती मी त्यांना बोलून दाखवली. त्या दिवसापासून मला 'ताई' म्हणायचं त्यांनी बंद केलं. मी त्यांची 'बेटा' झाले.

मला दिवस गेले तेव्हा माझा नवरा विवेक खूश झाला, सासूबाई खूश झाल्या. मावशींनी लगेच बुकिंग केलं. "याला मी धरणार. तू फोटो काढ, मी धरते. दुसऱ्या कोणाला हात नाही लावू देणार, कहून ठेवते." माझ्या दोन जुन्या साड्या मागून नेल्या आणि त्यांची दुपटी शिवायला घेतली. रोज भेटल्या की पहिलं वाक्य तेच, "याला मी धरणार." मी म्हणायची, "मग काय, तुम्हीच."

त्याच उन्हाळ्यात बाळाभोवती बांधलेल्या दुपट्याची गाठ पहिल्यांदा सुटली. मावशींची गाठ सुटत नसे. मग चहाचा ग्लास बशीवर वाजताना ऐकू येऊ लागला. मी दुर्लक्ष केलं, कारण दुर्लक्ष करणं सोपं होतं. मग एका सकाळी त्या मागून बाळाचं डोकं धरून बसल्या होत्या आणि मी कॅमेऱ्यातून बघत होते. बाळाच्या कानापाशी त्यांचं बोट थरथरत होतं. मी कॅमेरा खाली घेतला. आमची नजरानजर झाली. त्यांनी बाळाला उचलून छातीशी धरलं आणि आईच्या मांडीवर नेऊन ठेवलं. "आज याचा मूड नाही. बाकीचे गोदीतच काढा," त्या म्हणाल्या. बाळावर दोष टाकताना मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

डॉक्टरांनी आजाराचं एक लांबलचक नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि थरथर कमी होईल पण जाणार नाही असंही सांगितलं. मावशींनी न्हाऊ घालायची कामं सोडली. गल्लीत विचारलं तर "घुटने दुखतात" म्हणायच्या. गुडघे अगदी ठणठणीत होते. माझ्याकडे आल्या की हात पदरात गुंडाळून बसायच्या आणि म्हणायच्या, "तुझ्या टाइमापर्यंत गोळ्यांनी ठीक होईल." मी म्हणायची, "होईल की." दोघींनाही ते खरं नाही हे ठाऊक होतं.

सासूबाईंनी विषय काढला तो माझ्या आठव्या महिन्यात. त्या शांतपणे म्हणाल्या, "मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण त्या हातांत आपलं बाळ मी देऊ देणार नाही. तू नाराज झालीस तरी चालेल." मी ताडकन उठले, खोलीत गेले, दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. पण खरं सांगायचं तर राग त्यांचा नव्हता. माझ्या मनातलंच त्यांनी मोठ्यानं म्हटलं होतं. भीती मलाही वाटत होती, आणि ती वाटते म्हणून स्वतःची चीडही येत होती.

जानेवारीत मुलगी झाली. दहाव्या दिवशी मावशींचा फोन आला. त्यांची मुलगी देवासला असते, ती त्यांना रविवारी कायमची घेऊन जाणार होती. "शुक्रवारी येते मी. फोटो त्या दिवशीच काढ," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मला 'हो' म्हणता आलं नाही, 'नाही'ही म्हणता आलं नाही. मी ठरवलं, विवेकनं बाळ धरायचं, आणि मावशींना सांगायचं की तुम्ही शेजारी बसून त्याला शिकवा. ते वाक्य मी दोन दिवस पाठ केलं. कितीही गोड केलं तरी ते वाईटच वाटत होतं.

शुक्रवारी सकाळी मावशी जिना एकेक पायरी चढत वर आल्या. खिडकी लावली. हीटर लांब सरकवायला लावला. विवेकला पोहे खायला पिटाळलं. मग माझ्यासमोर उभ्या राहून विचारलं, "पोट भरलं? ढेकर काढली? शी झाली?" मी तिन्हींना हो म्हटलं. "अन् तू काही खाल्लंस?" मी मान हलवली. मला रागावून लाडू खायला लावला आणि तो संपेपर्यंत पुढे काही केलं नाही. सासूबाई दारात उभ्या होत्या.

मग त्यांनी बांगड्या काढायला घेतल्या. चार बांगड्यांना फार वेळ लागला. हात धुतले, पुसले, गालाला लावायला उचलले, आणि हात काही गालावर ठरेनात. मी पाहिलं, सासूबाईंनी पाहिलं, मावशींनीही पाहिलं. पाठ केलेलं वाक्य माझ्या तोंडाशी आलं.

"मावशी, आज ना..."

"माहीत आहे गं मला," त्या म्हणाल्या.

त्यांनी भिंतीला पाठ टेकून सतरंजीवर बैठक मारली, दोन्ही पाय लांब केले, एकमेकांना जुळवले आणि त्यांवर माझ्या साडीचं दुपटं पसरलं. मग दोन्ही हात पदरात घेऊन घट्ट काखेत दाबून ठेवले. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हात कापतात, बेटा. पाय नाही कापत. सगळी लेकरं याच पायांवर न्हाली ना? दे इकडे."

मी बाळाला घेऊन तशीच उभी राहिले. मला पुढे जाववेना आणि मागेही. सासूबाई दारातून आत आल्या आणि त्यांनी माझ्या हातातून बाळ घेतलं. मला वाटलं, आता त्या तिला आतल्या खोलीत घेऊन जाणार. त्या वाकल्या, कुरकुरत्या गुडघ्यांवर खाली बसल्या आणि त्यांनी बाळाला मावशींच्या पायांवर ठेवलं.

"असं बरं आहे का हो?" त्यांनी विचारलं.

"थोडं तिरपं. नाक मोकळं राहू द्या."

सासूबाईंनी तिरपं केलं. आमच्या घरात कुणाचा हुकूम त्यांनी असा निमूटपणे ऐकल्याचं मला आठवत नाही. त्या तिथेच, बाळापासून हातभर अंतरावर बसून राहिल्या.

दोन पायांच्या मधल्या उबेत बाळ जरा वळवळलं, मग स्थिर झालं. मावशी खालच्या आवाजात काहीतरी गुणगुणत होत्या, शब्द नसलेलं. आम्ही झोप पिकायची वाट बघितली. या वेळी मूठ सुटलेली आधी मला दिसली. मी कॅमेरा उचलला. चेहरा, कान, मिटलेल्या पापण्या, गालावर पडलेली दुपट्याची घडी. पाय तसूभरही हलले नाहीत. मला हवं होतं ते सगळं दहा मिनिटांत मिळालं. मी कॅमेरा खाली ठेवून दिवा विझवला.

मावशी डोळे मिटून बसल्या होत्या. न उघडताच त्यांनी विचारलं, "झालं का गं तुझं?"

बाळाच्या श्वासाबरोबर दुपटं वरखाली होत होतं. परवा रविवार होता.

"नाही मावशी," मी म्हटलं, "अजून बरेच राहिलेत."

दिवा विझवताना सासूबाईंनी मला पाहिलं होतं. त्या उठल्या, आणि त्यांनी तो परत लावला.